ऑडिट (मद्यपान चाळणी चाचणी)

ऑडिट ही मद्यपानामुळे निर्माण होणाऱ्या समस्या प्राथमिक अवस्थेतच ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार करण्यात आलेली दहा प्रश्नांची चाळणी चाचणी आहे. इतर आजारांच्या उपचारांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात आलेल्या व्यक्तीचे मद्यपान धोकादायक पातळीवर पोहोचले आहे का, हे तिच्या साहाय्याने काही मिनिटांत समजू शकते. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. पुढील तपासणी वा समुपदेशन कोणाला आवश्यक आहे, एवढेच ती दर्शवते.

इतिहास

जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांत एक प्रकल्प हाती घेतला. त्यापूर्वीच्या बहुतेक चाचण्या दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या रुग्णांसाठी होत्या. शरीर आणि संसार यांचे मोठे नुकसान होण्याआधीच व्यक्ती ओळखता यावी, हा नव्या चाचणीचा उद्देश होता. या प्रकल्पातील १,८८८ व्यक्तींच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. धोकादायक किंवा हानिकारक मद्यपान करणाऱ्यांपैकी ९२ टक्के व्यक्तींना ८ किंवा अधिक गुण मिळाले होते. चाचणीच्या मार्गदर्शक पुस्तिकेची दुसरी आवृत्ती २००१ मध्ये निघाली.

स्वरूप

पहिले तीन प्रश्न मद्यपानाची वारंवारता व प्रमाण, पुढचे तीन अवलंबित्वाची लक्षणे आणि शेवटचे चार मद्यपानाचे दुष्परिणाम यांविषयी आहेत. प्यायला सुरुवात केल्यावर थांबता न येणे, सकाळी उठल्यावर दारूची गरज भासणे, आदल्या रात्रीचे न आठवणे, नातेवाईक किंवा डॉक्टरांनी दारू कमी करण्यास सुचवणे अशा बाबी त्यांत येतात. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण असून एकूण गुण ० ते ४० असतात. त्यानुसार पुढील कृती सुचवली जाते:

- ० ते ७ : मद्यपानाविषयी सर्वसाधारण माहिती
- ८ ते १५ : मद्यपान कमी करण्याचा साधा सल्ला
- १६ ते १९ : सल्ल्यासोबत संक्षिप्त समुपदेशन व पाठपुरावा
- २० ते ४० : निदान व उपचारांसाठी तज्ज्ञांकडे पाठवणी

केवळ पहिल्या तीन प्रश्नांची ऑडिट-सी ही लघुआवृत्तीही वापरली जाते. तंबाखू, गांजा, अफूजन्य पदार्थ इत्यादींसह सर्व व्यसनांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची असिस्ट ही स्वतंत्र चाचणी आहे.

भारतातील वापर

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशातील सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यपानाच्या समस्येसाठी मदतीची गरज होती. मात्र दारूवर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी साधारण एकालाच कोणत्याही स्वरूपाचे उपचार मिळाले होते. त्यामुळे गावपातळीवरील चाळणीला महत्त्व आहे. आशा कार्यकर्त्या तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी भरत असलेल्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणी सूचीत तंबाखू व दारूविषयी प्रश्न असतात. परंतु त्यांतून समस्येची तीव्रता समजत नाही.

गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगत या संस्थेच्या संशोधकांनी ऑडिटवर आधारित चाचणी-प्रयोग केला. केंद्रात आलेल्या पुरुषांची चाळणी करून १२ ते १९ गुण मिळालेल्या ३७७ जणांना त्यात सहभागी करण्यात आले. निम्म्या जणांना नेहमीच्या सेवेसोबत, मानसिक आरोग्याची व्यावसायिक पार्श्वभूमी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार सत्रे दिली. तीन महिन्यांनी या गटातील ३६ टक्के, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या गटातील २६ टक्के पुरुषांचे गुण ८ च्या खाली आले. एक वर्षानंतर हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५४ व ३२ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मर्यादा

चाचणी व्यक्तीने स्वतः दिलेल्या उत्तरांवर अवलंबून असल्याने लाज किंवा बदनामीच्या भीतीने, विशेषतः स्त्रियांकडून, खरी माहिती दिली जात नाही. प्रश्न एकांतात विचारणे व गोपनीयता राखणे त्यामुळे आवश्यक ठरते. फेणी, देशी दारू किंवा हातभट्टीची दारू यांची तीव्रता वेगवेगळी असल्याने 'एक पेय' म्हणजे नेमके किती, हे स्थानिक मापांत ठरवावे लागते. अधिक गुण असलेल्या व्यक्तीने दारू अचानक बंद केल्यास कंप, झटके किंवा भ्रम होऊन जीवाला धोका संभवतो. अशा व्यक्तीला केवळ 'दारू सोडा' असा सल्ला देणे पुरेसे नसून तिची वैद्यकीय देखरेख करावी लागते. मद्याव्यतिरिक्त अन्य अमली पदार्थांच्या बाबतीत चाळणी व संक्षिप्त समुपदेशनाचा लाभ तितकासा सिद्ध झालेला नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत तो आढळला नाही. उपचार व पाठपुराव्याची सोय नसल्यास केवळ चाळणीचा उपयोग मर्यादित राहतो.