वाटणी आणि विचारणा

अणदूरच्या खंडोबाला दोन गावे आहेत. वर्षातले सव्वादहा महिने मूर्ती अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. मूर्ती एक, दावेदार दोन. म्हणून दोन्हीकडचे मानकरी समोरासमोर बसून लेखी करार करतात. लोकदैवतांच्या अभ्यासकांना हा प्रघात परिचित आहे. आम्हाला त्याचे महत्त्व वाटते ते निराळ्या कारणाने. अपुऱ्या गोष्टीची वाटणी इथे ती ज्यांना हवी आहे तेच करतात. सार्वजनिक आरोग्यसेवेच्या इतिहासात असे क्वचितच घडले आहे.

कल्पना मात्र जुनी आहे. गावोगाव आरोग्य समित्या असाव्यात, असे भोर समितीने १९४६ सालीच सुचविले होते. २ ऑक्टोबर १९७७ रोजी आरंभलेल्या योजनेत आरोग्यरक्षक निवडण्याचा अधिकार गावाला दिला गेला. पण 'गाव' म्हणजे कोण? बहुतेक ठिकाणी वजनदार मंडळींनी निवड केली आणि निवडले गेले ते प्रामुख्याने पुरुष. बाळंतिणीचे दुखणे त्यांच्यापाशी कोण बोलणार?

डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने १९९० नंतरच्या दशकात अणदूर परिसरात वेगळी वाट धरली. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी प्राथमिक उपचार त्यांच्या हाती सोपविले आणि त्यांना 'भारतवैद्य' म्हटले. या शब्दावर जरा थांबावेसे वाटते. 'सेविका' म्हटले असते तर वरच्या पायरीवर कुणीतरी गृहीत धरावे लागले असते. 'वैद्य' म्हणताच ज्ञानाचा अधिकार त्या बाईकडे येतो. (२००५ नंतरची 'आशा' ऐकायला गोड; प्रत्यक्षात ती एका इंग्रजी पदनामाची आद्याक्षरे.)

२००७ साली महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद, असे पाच जिल्हे त्यात होते. उस्मानाबादची जबाबदारी अणदूरच्या याच संस्थेकडे आली. प्रत्येक जिल्ह्यात तीन तालुके, नऊ प्राथमिक आरोग्य केंद्रे, पंचेचाळीस गावे. नर्सताई गावात येतात का, औषध बाहेरून आणायला सांगतात का, कुणी पैसे मागितले का, असे साधे प्रश्न विचारून गावानेच दवाखान्याचे प्रगतिपत्रक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे. आमच्या पेशात प्रगतिपत्रक वरून खाली येते. इथे ते उलट दिशेने गेले. सरकारी कागदावर 'लाभार्थी' असलेली बाई व्यासपीठाकडे बोट करून जाब विचारू लागली, हा व्याकरणातलाही बदल होता: कर्म होते ते कर्ता झाले.

तरीही एक भेद नजरेआड करू नये. दिलेले पोचले का, ही विचारणा झाली. काय आणि किती द्यायचे, ही वाटणी बहुतांशी वरच राहिली. गावाच्या समितीच्या हाती असलेला मुक्त निधी वर्षाला १०,००० रुपये. त्यातून काय घ्यायचे ते गाव ठरवू शके. केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीच्या निधीविषयीही पुढे लोकांनी सूचना केल्या. मात्र डॉक्टरांची पदे किती, औषधांची खरेदी कोणती, हे गावाच्या बैठकीत ठरण्याजोगे नव्हतेच. म्हणून प्रयोग फसला, असे आम्ही म्हणणार नाही. आधी हिशेब मागता आला पाहिजे, मग वाटा मागता येतो.

आम्हाला सलते ते वेगळेच. सभेला यायचे तर मजुराची त्या दिवसाची रोजी बुडते. आणि या जिल्ह्यातली ऊसतोडणी कुटुंबे दसऱ्यानंतर गाव सोडतात, ती सहा-सहा महिने कारखान्याच्या तळावर राहतात. तोडणीला गेलेल्या गरोदर बाईची तपासणी कोणत्या नर्सताईंनी करायची आणि ती झाली नाही, हे कोणत्या गावाने लिहायचे? गावनिहाय प्रगतिपत्रकात तिला कुठे बसवायचे? करार करायला बसलेल्या दोन गावांपैकी एकातही ती त्या दिवशी हजर नसते.