खुर्ची एकच होती

जुलै १९४१. लंडनच्या उत्तरेला हॅटफिल्डचा विमानतळ. विनिफ्रेड क्रॉसली ही वैमानिक हॉकर हरिकेन या लढाऊ विमानात चढून बसली. शेजारी शिक्षक नाही, मागे शिक्षक नाही. असणार तरी कुठे? विमानात खुर्चीच एक! हरिकेनमधलं पहिलं उड्डाण म्हणजे एकट्यानेच करायचं उड्डाण. चुकलं तर सावरायला दुसरं कोणी नाही.

विनी काही नवखी नव्हती. युद्धाआधी ती हवाई सर्कशीत कसरती करायची. १ जानेवारी १९४० ला 'एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी'त ज्या पहिल्या आठ बायका आल्या, त्यांतली ती एक. काम काय, तर कारखान्यातली विमानं हवाई दलाच्या तळांवर पोचवायची. पण सुरुवातीला त्यांना दिली फक्त टायगर मॉथ. उघड्या कॉकपिटची, १३० अश्वशक्तीची शिकाऊ विमानं. ऐन थंडीत कुडकुडत ती स्कॉटलंडपर्यंत न्यायची. लढाऊ विमानं पुरुषांसाठी राखीव. पगारही पुरुषांपेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी. बायकांनी विमानं उडवण्यापेक्षा घर सांभाळावं, असं म्हणणारेही होतेच.

आणि आता समोर हजार अश्वशक्तीचं मर्लिन इंजिन. टायगर मॉथची चाकं कायम बाहेर. हरिकेनची उडाल्यावर आत घ्यावी लागतात. त्याचा दांडा उजव्या हाताला. म्हणजे जमीन सुटल्या सुटल्या डावा हात थ्रॉटलवरून काढून त्याने स्टिक धरायची आणि उजव्या हाताने चाकं उचलायची. हात बदलताना जरा गडबड झाली की विमान हेलकावे खाणार. आणि खाली सगळे बघतायत. विनीला ठाऊक होतं, आज ती आपटली तर 'विनी चुकली' असं कोणी म्हणणार नाही. 'बायकांना जमत नाही' असंच म्हणतील.

तिने विमान उचललं, एक फेरी मारली आणि व्यवस्थित उतरवलं. तिच्यामागोमाग मार्गारेट फेअरवेदर, जोन ह्यूज आणि रोझमेरी रीस यांनीही हरिकेन उडवलं. थोड्याच काळात बायका स्पिटफायर नेऊ लागल्या. पुढे जोनने चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानंसुद्धा पोचवली. त्यांच्या प्रमुख पॉलिन गॉवर यांच्या पाठपुराव्याने १९४३ मध्ये समान पगारही मिळाला. किंमतही मोजावी लागली. मार्गारेट १९४४ मध्ये विमान अपघातात गेली.

आपल्याकडे अवनी चतुर्वेदीने मिग-२१ एकटीने उडवलं ते फेब्रुवारी २०१८ मध्ये. मधे ७६ वर्षं गेली.

'बायकांना झेपेल का?' या प्रश्नाचं उत्तर विनीने एका फेरीत दिलं होतं. एवढी वर्षं गेली ती उत्तर शोधण्यात नाही, खुर्ची देण्यात. तुमच्या आजूबाजूला अशी कुठली खुर्ची अजून अडवून ठेवलीय, जरा बघा.