‘राऊ’ कादंबरीतील पेशवे भावंडे आणि बारामतीकर नाईक : कौटुंबिक वारशाचा एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना

मराठी वाचकाची इतिहासाशी पहिली ओळख बहुधा पाठ्यपुस्तकातून होत असली, तरी त्याची इतिहासाविषयीची धारणा घडते ती ऐतिहासिक कादंबरीतून. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या कादंबरीकारांनी ही धारणा घडविली, त्यांत ना. सं. इनामदार यांचे स्थान मोठे आहे. ‘झेप’, ‘झुंज’, ‘मंत्रावेगळा’, ‘शहेनशहा’, ‘शिकस्त’ या त्यांच्या कादंबऱ्यांप्रमाणेच १९७२ साली प्रसिद्ध झालेली ‘राऊ’ ही कादंबरीही वाचकप्रिय ठरली. २०१५ साली प्रदर्शित झालेल्या ‘बाजीराव मस्तानी’ या हिंदी चित्रपटाला या कादंबरीचा आधार होता. त्यामुळे थोरले बाजीराव, चिमाजी अप्पा, राधाबाई, काशीबाई व मस्तानी ही नावे कादंबरी न वाचलेल्या पिढीपर्यंतही पोहोचली.

बाळाजी विश्वनाथ भट यांची अपत्ये मात्र दोन नव्हती, चार होती. बाजीराव व चिमाजी या दोघा भावांसह भिऊबाई आणि अनुबाई या दोन बहिणी होत्या. यांपैकी भिऊबाई बारामतीच्या जोशी-नाईक घराण्यात दिली होती. बारामती व इंदापूर परिसरातील महाविद्यालयांत मराठ्यांचा इतिहास शिकविताना हा दुवा बहुधा निसटतो. त्या दुव्याच्या आधारे पेशवे कुटुंबातील वारशाच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

निबंधाची उद्दिष्टे

१. ‘राऊ’ कादंबरीतील भावंडांच्या संघर्षाचे स्वरूप समजून घेणे.
२. या संघर्षाची उपलब्ध ऐतिहासिक साधनांतील माहितीशी तुलना करणे.
३. बारामतीकर नाईक घराण्याचे पेशवे कुटुंबाच्या वारशातील स्थान स्पष्ट करणे.

प्रदेशाची पार्श्वभूमी : इंदापूर आणि बारामती

कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यातील हा पट्टा भावंडांच्या इतिहासाला नवखा नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले हे सतराव्या शतकाच्या आरंभीच्या काळात इंदापूर येथील लढाईत कामी आले. इंदापुरातील गढी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मालोजींच्या पश्चात शहाजी व शरीफजी या दोघा मुलांचा सांभाळ त्यांचे बंधू विठोजी यांनी केला. भावाच्या मुलांना आपली मानून घराण्याचा लौकिक टिकविणे, हा वारशाचा एक नमुना या मातीने पाहिला आहे. त्याच घराण्यात दोन पिढ्यांनंतर, १६७७ मध्ये, शिवाजी महाराजांनी सावत्र बंधू व्यंकोजी यांच्याकडे वडिलांच्या दौलतीतील वाटा मागितला आणि दोघा भावांत संघर्ष झाला. तो वारशाचा दुसरा नमुना होय.

मराठीत या दुसऱ्या नमुन्याला ‘भाऊबंदकी’ असा स्वतंत्र शब्दच आहे. कृ. प्र. खाडिलकरांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनावरील आपल्या नाटकाला हेच नाव दिले. परंतु भाऊबंदकी हा शब्द केवळ भावांचा विचार करतो. मुलगी लग्न होऊन परघरी गेली की ती वारशाच्या हिशेबातून बाहेर पडली, असे त्यात गृहीत धरलेले असते. पेशवे भावंडांच्या बाबतीत हे गृहीतक कितपत टिकते, हे तपासणे आवश्यक ठरते.

‘राऊ’मधील संघर्षाचे स्वरूप

‘राऊ’ कादंबरीचा केंद्रबिंदू बाजीराव व मस्तानी यांचा संबंध हा आहे. रणांगणावर अजिंक्य ठरलेला पुरुष आपल्याच घराच्या उंबऱ्याशी पराभूत होतो, ही या कथेची शोकात्म जाण आहे. आई राधाबाई, बंधू चिमाजी अप्पा आणि ज्येष्ठ पुत्र नानासाहेब हे कुळाचार व लोकापवाद यांच्या बाजूने उभे राहतात. काशीबाई मूकपणे सोसत राहते. वारसा म्हणजे येथे प्रामुख्याने कुळाची प्रतिष्ठा होय. मस्तानीच्या मुलाला घराण्यात कोणते स्थान मिळणार, हा प्रश्न त्याच प्रतिष्ठेशी निगडित आहे.

कादंबरीकाराने ही निवड करणे स्वाभाविक आहे. कादंबरीला एक केंद्र लागते आणि मनाचा संघर्ष हे तिचे खरे क्षेत्र असते. प्रश्न निर्माण होतो तो वाचक कादंबरीलाच संपूर्ण इतिहास मानू लागतो तेव्हा.

बाजीराव आणि चिमाजी अप्पा : साधनांतील चित्र

लोकमानसात चिमाजी अप्पांची प्रतिमा मस्तानीचा कठोर विरोधक अशी झालेली आहे. या प्रतिमेला आधार नाही असे म्हणता येणार नाही. १७३९-४० च्या हिवाळ्यात बाजीराव नासिरजंगावरील मोहिमेकडे वळले असता पुण्यात मस्तानीला नजरकैदेत ठेवण्यात आले. त्याच सुमारास, फेब्रुवारी १७४० मध्ये, पुण्यात रघुनाथरावांची मुंज व सदाशिवरावांचा विवाह झाला. आपल्या मुलाची मुंज आणि पुतण्याचे लग्न असूनही बाजीराव या कार्यांना उपस्थित नव्हते.

तथापि, याच काळात दोघे बंधू नासिरजंगाविरुद्धच्या मोहिमेत एकत्र होते. मोहीम तहाने संपल्यावर ते एकमेकांपासून वेगळे झाले, ती त्यांची अखेरची भेट ठरली. त्यानंतर मार्च १७४० मध्ये चिमाजींनी नानासाहेबांना लिहिलेले पत्र इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी प्रकाशात आणले आहे. राऊंचे चित्त ठिकाणावर नाही, आपण समजूत घालण्याचा यत्न केला परंतु ईश्वरेच्छा वेगळीच दिसते, पुण्यास पोहोचल्यावर तिला त्यांच्याकडे पाठवून द्यावे, असा या पत्राचा आशय आहे. ज्याने विरोध केला, त्याच भावाचे मन शेवटी द्रवले होते, हे या पत्रातून दिसून येते. परंतु तो निर्णय अमलात येण्यास वेळ उरला नाही. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा मृत्यू झाला. पाठोपाठ मस्तानीचेही निधन झाले. तिची कबर पुणे जिल्ह्यातच पाबळ येथे आहे. वसईचा विजेता चिमाजी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मरण पावला. अवघ्या आठ महिन्यांत दोन्ही भाऊ गेले.

दोन बहिणी, दोन घराणी

बाळाजी विश्वनाथांनी आपल्या मुलींची स्थळे पाहताना केवळ कुलशील पाहिले नव्हते, असे दिसते. धाकटी अनुबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपडे यांना दिली. हे घराणे मूळचे जोशी. सेनापती संताजी घोरपडे यांच्याविषयीच्या कृतज्ञतेने त्यांनी घोरपडे हे नाव धारण केले होते. १७४५ मध्ये व्यंकटरावांच्या निधनानंतर अनुबाईंनी संस्थानचा कारभार दीर्घकाळ आपल्या धोरणाने चालविला. माहेरचे पेशवेपद हे त्यांचे बळ होते आणि कर्नाटकाच्या वाटेवरील इचलकरंजी हे पेशव्यांचे बळ होते.

भिऊबाईंचा विवाह आबाजी नाईक जोशी यांच्याशी झाला. आबाजींचे बंधू बाबूजी नाईक हे धनाढ्य सावकार होते. तलवार चालविणाऱ्या घराण्याला पैसा पुरविणाऱ्या घराण्याशी जोडणारी ही सोयरीक होती. मराठ्यांच्या राज्यविस्ताराचे अर्थकारण पाहता तिचे महत्त्व सहज लक्षात येते. मोहीम निघण्यापूर्वी फौजेला पैसा द्यावा लागे, तर चौथाई-सरदेशमुखी आणि खंडणी नंतर हाती येई. मधले अंतर सावकाराच्या पैशाने भरून निघत असे. पालखेड, बुंदेलखंड, भोपाळ अशा मोहिमांमागून मोहिमा काढणाऱ्या बाजीरावांवर त्यामुळे कर्जाचा मोठा बोजा साचला. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत देणेकऱ्यांच्या तगाद्याविषयीची त्यांची व्यथा व्यक्त झाली आहे.

कर्ज आणि पेशवेपद

बाजीरावांच्या मृत्यूनंतर पेशवेपद कोणाला द्यावे, हा प्रश्न छत्रपती शाहू महाराजांपुढे उभा राहिला. नानासाहेबांचे वय तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. या प्रसंगी पेशवेपदासाठी पुढे आलेला प्रतिस्पर्धी कोणी परका नव्हता. तो भिऊबाईंच्या सासरचा माणूस, बाबूजी नाईक बारामतीकर होता.

ग्रँट डफ यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या प्रसंगाची हकिगत येते. बाजीरावांना दिलेले कर्ज परत न मिळाल्याने बाबूजी दुखावले होते. नागपूरकर रघूजी भोसले यांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि पेशवेपदाच्या बदल्यात शाहू महाराजांना मोठी रक्कम देऊ करण्यात आली. महाराजांनी ती नाकारून २५ जून १७४० रोजी नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे दिली. त्यानंतर बाबूजींनी कर्जफेडीसाठी तगादा लावला. महादाजीपंत पुरंदरे यांनी मध्ये पडून नानासाहेबांना त्यातून सोडविले.

या घटनेचा कौटुंबिक अर्थ महत्त्वाचा आहे. नानासाहेबांना वडिलांकडून पद मिळाले, त्याचबरोबर वडिलांचे देणेही मिळाले. ते देणे मागणारा हात आत्याच्या घरचा होता. माहेरचा भाऊ गेल्याचे सुतक संपते न संपते तोच सासरची मंडळी माहेराविरुद्ध उभी राहिली. भिऊबाईंची त्या वेळची मनःस्थिती कोणत्याही कागदात उमटलेली नाही. कादंबरीकाराला खरा वाव अशाच मौनात असतो. परंतु मस्तानीच्या कथेभोवती उभ्या राहिलेल्या लोकस्मृतीत या बहिणीला जागा मिळाली नाही.

वारशाचे पुढील रूप

बाबूजींचे वैर पुढे तसेच टिकले नाही. कर्नाटकातील वसुलीच्या कामगिरीत त्यांना फारसे यश आले नाही आणि कालांतराने ते पेशव्यांच्या राज्यव्यवस्थेतच सामावले गेले. बारामतीत मात्र त्यांची आठवण प्रतिस्पर्धी म्हणून नव्हे, तर आश्रयदाते म्हणून टिकून आहे. कऱ्हेकाठच्या या गावी त्यांच्या आश्रयाने मोरोपंत राहिले आणि ‘आर्याभारत’, ‘केकावली’ यांसारखी रचना मराठीला लाभली. १७९४ मध्ये मोरोपंतांचे निधनही बारामतीतच झाले. ज्या सावकारी पैशाने पेशव्यांना जेरीस आणले, त्याच घराच्या आश्रयाने पंडिती काव्याची अखेरची मोठी बहर जोपासली गेली.

मस्तानीच्या वंशाची कथाही अशीच गुंतागुंतीची आहे. तिचा पुत्र समशेरबहाद्दर पेशवे कुटुंबातच वाढला आणि १७६१ मध्ये पानिपतच्या रणसंग्रामात जखमी होऊन मरण पावला. त्याच संग्रामात चिमाजींचे पुत्र सदाशिवरावभाऊ कामी आले. ज्या दोन भावांमध्ये मस्तानीवरून अंतर पडले, त्यांचे पुत्र एकाच निशाणाखाली लढले. समशेरबहाद्दराचा पुत्र अलीबहाद्दर याने बुंदेलखंडात बांद्याची गादी स्थापन केली.

निष्कर्ष

१. ‘राऊ’ कादंबरीतील संघर्ष प्रेम व कुलप्रतिष्ठा यांचा आहे. तो ऐतिहासिकदृष्ट्या निराधार नाही, परंतु संपूर्णही नाही.
२. चिमाजी अप्पांना केवळ विरोधक ठरविणे पत्रव्यवहाराच्या आधारे योग्य ठरत नाही.
३. पेशवे कुटुंबाचा वारसा केवळ भावांतून वाहिला नाही. बहिणींच्या विवाहांतून निर्माण झालेले राजकीय व आर्थिक संबंध त्याचा अविभाज्य भाग होते.
४. बारामतीकर नाईकांचे उदाहरण सोयरीक आणि सावकारी यांची सांगड दाखविते. १७४० मधील पेशवेपदाचा वाद समजून घेण्यासाठी ती लक्षात घेणे आवश्यक आहे.

समारोप

ऐतिहासिक कादंबरी वाचू नये, असा या विवेचनाचा आशय नाही. विद्यार्थी इतिहासाकडे वळतो तो अनेकदा कादंबरीच्याच हाताला धरून. अध्यापकाचे काम त्याला तेथून पुढे नेण्याचे आहे. बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्यासाठी हा प्रवास लांबचा नाही. मालोजींची गढी, मोरोपंतांचे वास्तव्य आणि नाईकांचे नाव त्याच्या रोजच्या वाटेवर आहे. रावेरखेडीला संपलेल्या कथेचे एक कर्जखत आपल्याच गावाशी जोडलेले होते, हे त्याला कळले, तर इतिहास हा दूरच्या थोरांचा विषय न राहता त्याच्या परिसराचा विषय होईल. स्थानिक इतिहासाच्या अध्यापनाचे प्रयोजनही हेच आहे.