धरणाखालचे वायंडिंगवाले

वडिलांची वही अजून आमच्या मोटर वायंडिंगच्या दुकानात आहे. तीत गिऱ्हाइकाचे नाव क्वचितच. गाव आणि मोटरचा एचपी असायचा: चास ३, शिनोली ५, कळंब साडेसात. त्यापुढे तारेचा गेज आणि वेढ्यांची संख्या. डिंभ्याच्या धरणाने खालच्या अंगाला काय घडवले, ते मी आधी त्या वहीत वाचले. पाणी पोचले तशी गावे वाढत गेली, एचपी वाढत गेले.

कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांत आमचे सर्वांत मोठे, सुमारे साडेतेरा टीएमसीचे. जलाशयाला नाव महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचे. घोड नदी अडली आणि जुने आंबेगाव पाण्याखाली गेले. तालुका आजही त्याच नावाने चालतो. वरच्या अंगाला महादेव कोळ्यांची भातखाचरे बुडाली. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर करायचा आणि जलाशयात मासेमारी करायचा हक्क त्यांना भांडून मिळवावा लागला. त्या लढ्यात ‘शाश्वत’ संस्थेचे आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक त्यांच्याबरोबर होते. आमच्या धंद्याची भरभराट या बुडालेल्या खाचरांवर उभी आहे, हे मी विसरत नाही.

खाली ऊस आला आणि उसात बिबट्या आला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभे राहिले ते उगीच नाही. शेतीची थ्री फेज लाइट बहुधा रात्रीची असायची. लाइट आली की बॅटरी आणि काठी घेऊन माणूस विहिरीवर निघायचा, बटण दाबायचा, आणि पुन्हा लाइट गेली की सगळा हेलपाटा नव्याने. म्हणून लोक स्टार्टरला ‘ऑटो’ बसवू लागले. लाइट येताच मोटर आपोआप चालू. पण विहीर आटली किंवा एक फेज गेली, तरी ती चालूच राहायची आणि सकाळी जळून आमच्या दुकानात यायची. जळालेल्या वार्निशचा वास म्हणजे आमची कमाई होती. तरीही ती मला कधी गोड लागली नाही, कारण पैसे मोजणाऱ्याच्या पिकाला त्या आठवड्यात पाणी मिळालेले नसायचे.

यावरचा उपाय कुठल्या मोठ्या कारखान्यातून आला नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या छोट्या कंपनीतून ‘नॅनो गणेश’ हे यंत्र आणले. ते स्टार्टरला जोडायचे आणि घरबसल्या मोबाइलवरून मोटर चालू-बंद करायची. लाइट आहे की नाही, तेही कळते. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले. पुढे बाजारात तसे अनेक मोबाइल स्टार्टर आले. ते बसवायचे आणि दुरुस्त करायचे काम आमच्यासारख्यांनी शिकून घेतले. तार गुंडाळणाऱ्या हातांत सोल्डरिंग आयर्न आले.

वडिलांच्या वहीसारखाच एक जुना हिशेब शेजारच्या जुन्नरच्या लेण्यांत कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. सार्वजनिक कामाचा पैसा गावातल्या कारागिरांच्या हाती विश्वासाने दिला जात होता, आणि ते दगडावर लिहिण्याइतके मोठे मानले जात होते.

आज तो विश्वास दिसत नाही. २५ जून २०१५ ला स्मार्ट सिटी अभियान सुरू झाले. शंभर शहरे निवडली गेली. पुणे पहिल्याच यादीत होते. नळाला मीटर, दिव्यांना सेन्सर, टाकीला पातळीमापक ही सगळी आमच्या ओळखीची कामे. माझ्याकडे शिकलेल्या एका पोराने टाकीची पातळी मोबाइलवर दाखवणारे यंत्र बनवले. एका शहराच्या टेंडरमध्ये मागच्या तीन वर्षांच्या उलाढालीची अट होती. पोराचा धंदा दीड वर्षाचा. तो अर्जही भरू शकला नाही.

अशी यंत्रे फक्त शहरालाच लागतात असेही नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आमच्याच आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव दिसत नाही, ही खबर बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने. पाऊस मोजून वेळेवर इशारा देणारे साधे यंत्र डोंगराखालच्या प्रत्येक वाडीत हवे, आणि ते पावसात बंद पडले तर त्याच दिवशी उघडून बघणारा माणूस जवळपास हवा.

केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांना एकूण खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी लागते. महापालिकांनी आणि जिल्हा परिषदांनीही हा नियम आपणहून घ्यावा. टेंडर लिहिणाऱ्या साहेबांना माझी विनंती आहे: उलाढालीचा आकडा खाली आणा, आणि यंत्र बिघडल्यास त्याची दुरुस्ती तालुक्यातच झाली पाहिजे, एवढी एक अट त्यात घाला.