बर्फातली खुर्ची



लेकीच्या बाळंतपणासाठी मी २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेत, बोस्टनला गेले होते. बर्फ बघायची हौस होती, ती २७ जानेवारीलाच फिटली. त्या एका वादळात दोन फूट बर्फ पडला, आणि मग तो थांबेचना. २४ जानेवारी ते २२ फेब्रुवारी या तीस दिवसांत ९४ इंच! म्हणजे माझ्या डोक्यावरून अडीच फूट. फेब्रुवारीचं सरासरी तापमान उणे ७ अंशांच्या आसपास, त्यामुळे आधीचा थर वितळायच्या आत दुसरा त्यावर. १० फेब्रुवारीला शहरातल्या रेल्वेगाड्या दिवसभर बंद होत्या. खिडकीतून बर्फात उड्या मारू नका, असं महापौर मार्टी वॉल्श यांना लोकांना बजावावं लागलं.

लेकीचे दिवस भरत आले होते. दवाखान्यात जायला गाडी हवी, आणि गाडी तर पांढऱ्या ढिगाखाली. जावई आणि मी मिळून तीन तास फावडं मारलं. हिम म्हणजे जलकायिक जीव, असं लहानपणी पाठशाळेत शिकलेली मी. दर फावड्याला मनात खंत. पण इलाज नव्हता.

जागा मोकळी झाली तशी जावयांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून ठेवली. तिथली रीतच आहे ती. ज्याने रस्त्याकडेची जागा उकरली, त्याने गाडी काढताना तिथे खुर्ची, बादली, काहीही ठेवायचं, जागा त्याची. १९७८ च्या फेब्रुवारीत २७ इंचांचं वादळ आलं, महामार्गावर तीन हजारांवर मोटारी अडकल्या, तेव्हापासून हे रूढ झालं असं जुने लोक सांगतात. बर्फाची आणीबाणी उठल्यावर ४८ तास महापालिकाही चालवून घेते. खुर्ची हलवणाऱ्याच्या टायरची मात्र खैर नसते म्हणे. साउथ एंड भागातल्या काही रहिवाशांनी त्याच हिवाळ्यात आमच्याकडे खुर्च्या नकोत, असं ठरवलं. मी बी.कॉम.ला कायदा शिकले, पण रस्ता सरकारचा, श्रम आमचे आणि ताबा खुर्चीचा, हा व्यवहार कुठल्या कलमात बसवावा ते कळेना.

जावई गाडी घेऊन कामाला गेले की मी खिडकीशी सामायिकाला बसायची. खरं सांगते, जपाची माळ हातात आणि डोळे खुर्चीवर! एकदा एक गाडी थांबली. म्हातारा माणूस उतरला, खुर्चीकडे पाहिलं, वर खिडकीकडे पाहिलं, आणि निघून गेला. मला जिंकल्यासारखं वाटलं. पाच मिनिटांनी तीच गाडी पुन्हा आली, मग तिसऱ्यांदा. घरात परिग्रह-परिमाण सांगणारी मी खाली जाऊन खुर्ची उचलू शकले नाही. लेक आत झोपली होती.

चार दिवसांनी नात झाली. दवाखान्यात वेळेवर पोहोचलो.

हिवाळ्याची एकूण बेरीज ११०.६ इंच भरली. १९९५-९६ चा विक्रम १०७.६ चा होता, तो तीन इंचांनी मोडला. शहराने ट्रक भरभरून बर्फ मोकळ्या जागी नेऊन टाकला होता. बंदराजवळचा सर्वांत मोठा डोंगर संपला तो थेट १४ जुलैला. मी तेव्हा घरी परतले होते. लेकीने फोनवर सांगितलं, खाली नुसता कचरा उरलाय. मी विचारलं, "त्यात खुर्च्या आहेत का गं?"