लिरोकोनाइटची ओळख

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील सेंट डे गावाजवळ व्हील गोरलँड ही तांब्याची खाण होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिच्या वरच्या थरांत आकाशी निळ्या रंगाचे स्फटिक सापडले. तांब्याची व आर्सेनिकयुक्त धातुके हवा-पाण्याने झिजून तेथे तांब्याची आर्सेनेट खनिजे तयार झाली होती. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे परागंदा झालेले काउंट द बूर्नों यांनी 1801 मध्ये या खनिजांचे स्फटिकांच्या आकारांनुसार वर्णन केले. त्याच वर्षी रिचर्ड शेनेव्हिक्स यांनी त्यांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. लिरोकोनाइट हे त्यांपैकी सर्वांत दुर्मीळ खनिजांत मोडते.

खाणीवर ते ओळखण्याची साधने मोजकीच होती: डोळा, चाकू, आम्ल आणि फुंकनळी. लिरोकोनाइटचे स्फटिक चपटे, भिंगासारखे असतात. काठिण्य 2 ते 2.5 असल्याने चाकूचा ओरखडा सहज उठतो. अझुराइट अधिक गडद व कठीण असते, शिवाय कार्बोनेट असल्याने सौम्य आम्लात फसफसते. लिरोकोनाइट फसफसत नाही. सोबत सापडणारे कॅल्कोफिलाइट हिरवे असून त्याचे अभ्रकासारखे पापुद्रे निघतात. कोळशावर ठेवून फुंकनळीने तापवल्यावर येणारा लसणासारखा वास आर्सेनिकची खूण मानला जाई. मात्र ही वाफ विषारी असल्याने आता ती चाचणी टाळतात. अंतिम निर्णय प्रयोगशाळेतील क्ष-किरण विवर्तनाने होतो.