उष्णताप्रेमी सूक्ष्मजीव आणि आकस्मिक तापमानवाढ

उष्ण झऱ्यांत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनाही तापमानातील आकस्मिक वाढ घातक ठरू शकते. जपानमधील बेप्पू येथील झऱ्यांतून मिळालेला ‘सल्फोलोबस शिबाटे’ हा आर्किया गटातील एकपेशीय जीव ७० अंश सेल्सिअस तापमानात सहज वाढतो. एकाएकी ९२ अंशांवर नेल्यास मात्र त्याच्या पेशी झपाट्याने मरतात. अतिउष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटते व ती एकमेकांना चिकटून निकामी होतात.

याच पेशी आधी काही काळ ८८ अंशांवर ठेवल्यास ९२ अंशांतही अधिक तग धरतात, असे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. त्या अवधीत इतर प्रथिनांची निर्मिती मंदावते आणि ‘टीएफ-५५’ हे प्रथिन मोठ्या प्रमाणावर तयार होते. त्याचे प्रत्येकी नऊ घटकांचे दोन कडे एकावर एक रचले जातात. ही रचना विस्कटलेल्या प्रथिनांना धरून ठेवते व त्यांची गुठळी होऊ देत नाही.

मानवी पेशींतील ‘टीसीपी-१’ हे प्रथिन याच कुळातील असल्याचे १९९१ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे उष्णतेपासून बचावाची ही यंत्रणा अतिप्राचीन मानली जाते. उष्णताप्रेमी जीवाचा टिकाव केवळ तापमानावर नव्हे, तर त्यासाठी सज्ज होण्यास मिळालेल्या अवधीवरही अवलंबून असतो.